मराठी मालिका बघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न: टीआरपी, लीप, बदललेले कलाकार आणि बाकी सगळं

संध्याकाळी टीव्हीपुढे बसायचं, साडेदहाला उठायचं आणि मधल्या प्रत्येक ब्रेकला ‘काय चाललंय हे?’ म्हणायचं, हा कित्येक घरांचा नेम. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या डब्यावर आणि नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं पोस्टमॉर्टेम होतं. त्यात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मालिका अनेक वर्षं बघून आणि त्यावर भांडून जी उत्तरं हाती लागली, ती इथे एकत्र केली आहेत.

मालिका चालतेय की पडलीय, हे ठरवतं कोण?

बार्क. पूर्ण नाव ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. २०१५ पासून देशभरातले टीव्हीचे आकडे ही संस्था काढते. त्याआधी ते काम टॅम नावाच्या कंपनीकडे होतं. देशात पन्नास हजारांहून जास्त घरांमध्ये टीव्हीजवळ एक छोटं मीटर बसवलेलं असतं. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतं आणि कुठल्या मिनिटाला कुठली वाहिनी लागली होती, त्याची नोंद ठेवतं. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर वेगळं बटण असतं. आजी टीव्हीपुढे बसल्या की आजींचं दाबायचं, सूनबाई आल्या की त्यांचं.

रेटिंग, म्हणजेच टीआरपी, काढताना नुसती डोकी मोजत नाहीत, मिनिटंही मोजतात. अर्ध्या तासातली तीन मिनिटं बघून कुकर बंद करायला उठलेल्या बाई पूर्ण प्रेक्षक धरल्या जात नाहीत, त्यांचा हिशोब एक दशांश. हे एकदा कळलं की मालिकांची अर्धी खोड कळते. ‘मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय’ असं नायिका म्हणते, मग सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद, नवरा आणि दाराआड उभी असलेली खलनायिका अशा सात जणांचे चेहरे ढोल-ताशाच्या ठेक्यावर तीन तीनदा दिसतात, आणि ब्रेक. तुम्ही बसून राहिलात. मिनिटं जमा झाली.

मीटर कुणाच्या घरात आहे हे गुप्त असतं. त्या घरांना गाठून, पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगणं हा गैरव्यवहार आहे. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी असाच आरोप ठेवून गुन्हा नोंदवला होता, तेव्हा गाजावाजा झाला तो मात्र वृत्तवाहिन्यांचा.

आमच्याकडे मीटर नाही. मग आमच्या बघण्याला काही किंमत नाही?

मोजणीपुरती नाही. तुमच्यासारखं घर, तुमच्यासारख्या गावातलं, तुमच्यासारख्या वयाच्या माणसांचं, नमुन्यात असतं आणि ते तुमच्या वतीने मोजलं जातं. मोबाईलवर ॲपमध्ये बघता ते या साप्ताहिक टीआरपीत धरत नाहीत. ॲपवाल्यांचा हिशोब वेगळा, आणि तो आपल्याला फारसा दिसत नाही.

गुरुवारी फिरते ती ‘टॉप टेन’ यादी खरी असते का?

बार्कचे आकडे गुरुवारी येतात हे खरं. ते असतात आदल्या शनिवार ते शुक्रवारच्या आठवड्याचे. म्हणजे सोमवारी लागलेल्या धमाकेदार एपिसोडचा निकाल त्याच गुरुवारी लागत नाही, पुढच्या गुरुवारी लागतो. तरी दर आठवड्याला कुणी ना कुणी ‘कालच्या ट्विस्टमुळे टीआरपी कोसळला’ असं ठोकून देतं. कालचा ट्विस्ट अजून मोजलाच गेलेला नाही.

दुसरी गोष्ट, दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यावरून भांडू नये. नमुन्याच्या मोजणीत एवढा फरक इकडेतिकडे होतोच. एक मालिका ६.१ वर आणि दुसरी ६.० वर असली तर पहिलीने दुसरीला ‘धूळ चारली’ असं होत नाही. चार-पाच आठवडे सलग उतरण लागली, तर मात्र ती गंभीर समजावी. रविवारचा महाएपिसोड यादीत बऱ्याचदा स्वतंत्र कार्यक्रम म्हणून येतो, त्यामुळे एकाच मालिकेचं नाव दोनदा दिसलं तरी छपाईची चूक समजू नका.

आणि मराठीसाठी बाजार धरतात तो ‘महाराष्ट्र आणि गोवा’. इंदूर, बडोदा, बेळगाव इथे मराठी मालिका भक्तिभावाने बघणारी घरं आहेत, पण ती या बाजारात येत नाहीत.

आम्ही रोज शिव्या घालतो, तरी मालिका बंद का होत नाही?

कारण रोज शिव्या घालता. म्हणजे रोज बघता.

मीटरला तोंड दिसत नाही. सोफ्यावर बसून ‘काहीही दाखवतात’ म्हणणारे काका आणि पदराला डोळे पुसणाऱ्या काकू, दोघांची नोंद सारखीच होते. वाहिनी जाहिरातदाराला विकते ते तुमचं बसून राहणं. तुमचं मत त्या व्यवहारात कुठे येतच नाही. म्हणून एखाद्या ट्रॅकवर, म्हणजे कथेतल्या एखाद्या धाग्यावर, प्रोमोखाली हजारो लोक तुटून पडतात, ‘बंद करा हे’ असं लिहितात, आणि त्याच आठवड्यात मालिका पहिल्या पाचात असते. वाहिनीच्या दृष्टीने हा ट्रॅक गाजला.

‘ठरलं तर मग’चंच घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि लवकरच यादीत वर जाऊन बसली. नायिका सायली हीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी आहे हे बघणाऱ्याला माहीत, आणि तोतया तन्वी बनून प्रिया मिरवत होती. सायलीला आश्रमात वाढवणाऱ्या मधुभाऊंवरचा खुनाचा खटला सुरुवातीपासून चालू, त्याचा निकाल लागायला २०२५ उजाडलं. या काळात ‘आता तरी खरं बाहेर काढा’ असं म्हणाला नसेल असा एक प्रेक्षक सापडणार नाही. पण त्याच प्रेक्षकाने रात्री टीव्ही लावला, कारण आज तरी खरं बाहेर येईल. जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांची जोडी लोकांना आवडते हे आहेच, पण मालिका ओढून नेली ती या ‘आज तरी’ने.

मालिका खरोखर नको असेल तर रामबाण उपाय एकच, बघू नका. सगळ्यांनी मिळून बघू नका. हे जमणार नाही हे मलाही माहीत आहे.

मग प्रेक्षकाचं कुणी ऐकतच नाही का?

ऐकतात, पण वेगळ्या वाटेने. मालिका आधी पूर्ण करून मग दाखवत नाहीत. आधी तयार करून ठेवलेल्या एपिसोडची जी ‘बँक’ असते ती बहुतेक वेळा काही दिवसांची, फार तर एखाद-दोन आठवड्यांची. त्यामुळे एखादं पात्र लोकांनी उचलून धरलं तर त्याचे सीन वाढवता येतात, एखादा ट्रॅक नकोसा झाला तर गुंडाळता येतो. चारच भागांसाठी आलेली मावशी वर्षभर घरात मुक्काम ठोकते ती अशी.

मोठं उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’चं. २०१६ मध्ये झी मराठीवर पहिलं पर्व आलं तेव्हा अण्णा नाईकांच्या मृत्यूपासूनच गोष्ट सुरू झाली होती. २०१९ मध्ये दुसरं पर्व आणलं ते थेट मागे, अण्णांच्या हयातीत नेलं आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा नि अपूर्वा नेमळेकरची शेवंता हीच मालिका झाली. मेलेल्या माणसाला मुख्य भूमिका मिळाली, ती लोकांना तो माणूस बघायचा होता म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

मत कळवायचंच असेल तर नेमकं कळवा. ‘फालतू मालिका’ हे वाचून कुणाला काही करता येत नाही. ‘डॉक्टर असलेली नायिका सहा महिन्यांत दवाखान्यात गेलेली नाही’ हे वाचून निदान लेखकाला घाम फुटतो.

मालिकेची वेळ बदलली. आता संपणार का?

कुठून कुठे बदलली ते बघा. सात ते साडेनऊ हा सोन्याचा पट्टा. त्यातून एखादी मालिका रात्री साडेदहा-अकराला किंवा भर दुपारी ढकलली, तर समजायचं की तिची जागा नव्या मालिकेला हवी होती.

‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि संध्याकाळी साडेसातला तिने काही वर्षं राज्य केलं. मार्च २०२४ मध्ये त्या वेळेवर रेश्मा शिंदेची ‘घरोघरी मातीच्या चुली’ आली आणि ‘आई’ची नायिका अरुंधती दुपारी अडीचला गेली. नोव्हेंबर २०२४ अखेर मालिकेने निरोप घेतला. मधले आठ महिने नोकरदार बायकांची जी चडफड झाली ती अजून आठवते: जी मालिका पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने घराबाहेर पाऊल टाकण्याबद्दल होती, ती बघायला आता दुपारी घरात असणं भाग होतं.

पण दुपार म्हणजे मरण असंही नाही. दुपारी मालिका बघणारा वर्ग ठरलेला आणि निष्ठावान असतो. तिथे गेलेल्या काही मालिका निवांत चालत राहतात. शेवट जवळ आल्याच्या खऱ्या खुणा वेगळ्या. वर्षानुवर्षं रखडलेली दोन-तीन रहस्यं एकाच आठवड्यात सुटतात. खलनायिकेला पश्चात्ताप होतो. परदेशी गेलेला भाऊ परत येतो. आणि त्याच वाहिनीवर नव्या मालिकेचा प्रोमो येतो, ज्यात तारीख असते पण वेळ सांगितलेली नसते.

लीप म्हणजे काय, आणि तो घेतात कशाला?

‘सात वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि बाळाचं एकदम शाळेत जाणारं पोर होतं, त्याला लीप म्हणतात. शशांक केतकर आणि शिवानी मुंढेकरची ‘मुरांबा’ फेब्रुवारी २०२२ ची. तिने २०२५ मध्ये सात वर्षांची उडी मारली. ‘रंग माझा वेगळा’ने तर एकाहून अधिक लीप घेतले.

कारण साधं. नवरा-बायकोंचे गैरसमज करून झाले, घटस्फोटाची नोटीस फाडून झाली, अपहरण झालं, स्मृतीही जाऊन आली. आता नवं काय? मग दोघांना तोडायचं, मधली वर्षं गिळायची आणि एक चुणचुणीत मूल आणायचं, जे आईबाबांना परत एकत्र आणेल. लीपमुळे सेट बदलता येतो, नको असलेली पात्रं गळतात, नवी येतात. लीपनंतर नायिकेची साडी सुती होते, केसांचा अंबाडा होतो आणि चष्मा लागतो. वय मात्र होत नाही. सासूच्या केसांत एक पांढरी बट जास्त, बस.

रोज दिसणारा कलाकार एका दिवसात बदलतो. आम्हाला विचारलं का?

नाही. बहुतेकदा निर्मात्यालाही वेळ मिळालेला नसतो.

कारणं वेगवेगळी: तब्येत, दुसरं काम, तारखा, मानधन, बाळंतपण, मतभेद. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका. ‘प्रेमाची गोष्ट’मधून तेजश्री प्रधान जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडली आणि मुक्ताच्या भूमिकेत स्वरदा ठिगळे आली. पहिले दोन आठवडे प्रेक्षक नव्या मुक्ताला घरात घ्यायलाच तयार नव्हते. त्यात तिची काय चूक? आयत्या वेळी दुसऱ्याच्या पोशाखात, दुसऱ्याच्या नवऱ्यासमोर, दुसऱ्याने वर्षभर रडून मिळवलेल्या सहानुभूतीवर उभं राहायचं, हे काम कुणालाही अवघड आहे. निदान महिनाभर तरी द्यावा, असं माझं म्हणणं.

कधी कारण असं असतं की तक्रारीला जागाच नसते. ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या. काही काळ ती जागा तशीच होती, मग रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी म्हणून आल्या. तुलना झालीच. पण यावेळी लोकांच्या बोलण्याचा सूर वेगळा होता. दोघींबद्दलही लोक आदराने बोलत होते.

सगळ्या मालिकांमध्ये एकाच आठवड्यात मंगळागौर कशी?

कारण तुमच्या घरातही त्याच आठवड्यात असते. मराठी मालिका पंचांगावर चालते. ज्येष्ठात वटपौर्णिमा, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती-गौरी, मग नवरात्र, दिवाळीचा पाडवा, संक्रांतीला हलव्याचे दागिने. वटपौर्णिमेला खलनायिका वडाला फेरे मारायला नेमकी नायिकेच्या आधी पोचते. गणपतीच्या प्रसादात काहीतरी कालवलं जातं, आणि तो मोदक शेवटी भलत्याच्याच हातात जातो. मंगळागौरीला फुगडी घालताना कुणाची तरी पर्स पडते आणि त्यातून जुना फोटो बाहेर येतो.

या सणांचं चित्रीकरण आधीच उरकलेलं असतं. म्हणजे ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या किंवा गोरेगावच्या फिल्मसिटीतल्या एखाद्या सेटवर, तुमच्या घरी गणपती यायच्या आधीच विसर्जन होऊन गेलेलं असू शकतं. नऊवारी, नथ, दागिने आणि दिव्यांच्या उजेडात बारा-बारा तास उभं राहायचं. टीव्हीवर जे घामाचे थेंब भावनेचे वाटतात ते कित्येकदा नुसतेच घामाचे असतात.

खरं सांगायचं तर या सणांच्या एपिसोडची थट्टा मीही करते, पण मंगळागौरीचे खेळ, ‘नाच गं घुमा’ची चाल, गौरी आणताना उमटवलेली पावलं हे शहरातल्या कित्येक मुलींनी पहिल्यांदा मालिकेतच पाहिलंय. तेवढं श्रेय द्यायला हवं.

ही गोष्ट मी हिंदीत पाहिलीय. चोरली का?

चोरलेली नसते, बहुधा रीतसर घेतलेली असते. एकाच समूहाच्या निरनिराळ्या भाषांत वाहिन्या आहेत, आणि एका भाषेत चाललेली कथा दुसरीकडे नेतात. ‘आई कुठे काय करते’चं मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. हिंदीतली ‘अनुपमा’ जुलै २०२० मध्ये आली, म्हणजे आपल्या अरुंधतीनंतर. त्यामुळे ‘मराठीने अनुपमाची नक्कल केली’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे तारखा सांगा. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ बंगालीवरून, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळमवरून, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून, आणि झी मराठीची ‘लक्ष्मी निवास’ कन्नडवरून.

मूळ मालिका शोधून पुढची कथा फोडणाऱ्यांची एक जमात आहे. त्यांचा अंदाज पहिले काही महिने अचूक येतो. पुढे मराठी मालिकेची वाट बदलते, कारण इथली लेखक मंडळी, इथला टीआरपी आणि इथल्या सासवा वेगळ्या.

काहींना उद्याचा एपिसोड आजच कसा माहीत असतो?

ॲपमुळे. झी मराठी झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. पैसे भरणाऱ्यांना काही एपिसोड टीव्हीच्या आधी बघता येतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते सकाळी सातला नात्यातल्या ग्रुपवर ‘शेवटी तिने कानाखाली मारलीच!’ असं टाकणं. आत्या रात्री साडेआठची वाट बघत असते. अशा माणसाला एकदा प्रेमाने सांगावं, दुसऱ्यांदा ग्रुप म्यूट करावा.

मालिकेची बातमी खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी मथळ्यात नाव कुणाचं आहे ते बघा, पात्राचं की कलाकाराचं. ‘प्रसिद्ध मालिकेतील अभिनेत्रीचा अपघात’ आणि खाली बारीक अक्षरांत: आगामी भागात. कलाकाराच्या फोटोला हार घातलेलं चित्र लावून व्हिडिओ टाकणारे तर कहर करतात. आत उघडलं तर तो मालिकेतल्या सीनमधला हार असतो. एखादा कलाकार खरंच गेल्याची बातमी आली तर घरच्यांनी, वाहिनीने किंवा ओळखीच्या वर्तमानपत्राने सांगितल्याशिवाय पुढे पाठवू नका. आपण हळहळ म्हणून पाठवतो, आणि तिकडे त्या माणसाच्या आईला फोन जायला लागतात.

मालिका संपण्याची बातमी वाहिनीपेक्षा कलाकाराच्या इन्स्टाग्रामवर आधी कळते. शेवटच्या दिवशी सेटवर केक कापतात, कुणीतरी मेकअप रूमच्या आरशाचा फोटो टाकतं. तो आला की पक्कं समजा. ‘सूत्रांकडून समजते’ एवढंच असेल तर थांबा.

प्रोमोवर तर अजिबात विसंबू नये. प्रोमोत जे लग्न मोडतं ते बऱ्याचदा एपिसोडमध्ये कुणाच्या तरी स्वप्नात मोडलेलं असतं.

अर्ध्या तासात गोष्ट इतकीच का सरकते?

नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंसाठी. म्हणजे अर्ध्या तासात गोष्टीला साधारण बावीस-चोवीस मिनिटं उरतात. त्यातून शीर्षकगीत, ‘आत्तापर्यंत’ आणि ‘पुढील भागात’ वजा करा.

पण थोडी दयाही दाखवा. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला सव्वीस. बावीस मिनिटांच्या हिशोबाने ते साडेनऊ तास होतात, म्हणजे जवळजवळ चार चित्रपट. दर महिन्याला चार चित्रपट लिहायचे, शूट करायचे, जोडायचे. पाणी घालण्यावाचून गत्यंतर नसतं. फक्त किती घालायचं याला काही धरबंध हवा.

खलनायिकेचं काम करणारीला रस्त्यात बोल लावावेत का?

नाही. हा प्रश्न विचारावा लागतो हेच वाईट. अनेक अभिनेत्रींनी सांगितलंय की देवळात, बाजारात बायका येऊन ‘त्या बिचारीला का छळतेस?’ म्हणतात. समोर आलेल्या आजीबाईंचं ते भाबडेपण एकवेळ चालेल. पण कलाकाराच्या फोटोखाली तिच्या दिसण्यावर, वजनावर, घटस्फोटावर लिहिणारे भाबडे नसतात. अभिनय आवडला नाही, संवाद खोटा वाटला, कपडे पात्राला शोभत नाहीत, हे खुशाल म्हणा. ते मालिकेवरचं मत झालं.

एखाद्या दृश्याबद्दल खरीच तक्रार करायची असेल तर?

नुसतं नावडणं वेगळं आणि मारहाण, अंधश्रद्धा किंवा लहान मुलांना घेऊन केलेलं काही आक्षेपार्ह चित्रण वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी रीतसर सोय आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची, आणि वाहिनीने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर पुढचे पंधरा दिवस उलटायच्या आत वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जायचं; मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी ही परिषद २०११ पासून काम करते. तिसरी पायरी सरकारची.

तक्रारीत वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहा. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढ्यावर गाडी पुढे सरकत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणातून आक्षेप आले होते. भुताखेतांचा भाग म्हणून बदनामी होते असं म्हणणं होतं. पुढे जिथे मालिकेचं चित्रीकरण झालं त्याच आकेरीच्या वाड्यापुढे सेल्फी काढायला गाड्या थांबायला लागल्या, ही गंमत वेगळी.

पूर्वीच्या मालिका जास्त चांगल्या होत्या ना?

काही होत्या. ‘आभाळमाया’, ‘अवंतिका’, ‘वादळवाट’, ‘असंभव’ यांची नावं घेतली की अजून लोक शीर्षकगीत गुणगुणतात. अल्फा मराठी (आजची झी मराठी) १९९९ मध्ये आली तेव्हा वाहिन्या कमी होत्या, स्पर्धा कमी, लेखकाला उसंत होती. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशींची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये आली आणि त्याच वर्षी संपली. गोष्ट संपली म्हणून मालिका संपली, हे आज चमत्कारासारखं वाटतं.

पण आठवणीला चाळण असते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. त्या चार दिवसांवरचे विनोद तेव्हाही होतेच. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की अख्ख्या महाराष्ट्राने डोहाळे मोजले. पाणी तेव्हाही घालत होतेच.

परदेशात राहते. मराठी मालिका कशा बघायच्या?

वर सांगितलेल्या ॲपपैकी काहींची परदेशातली सेवा वेगळी असते आणि सगळ्या मालिका सगळ्या देशांत दिसत नाहीत. पैसे भरायच्या आधी तुमच्या देशात ती वाहिनी आहे का, हे बघून घ्या. नाहीतर आईला रात्री फोन करा. ती तुम्हाला एपिसोड सांगेल, जाहिरातींशिवाय.

चालू मालिका मधूनच बघायला लागले तर काही कळेल का?

तीन दिवसांत. पात्रं आपल्याशी बोलल्यासारखी एकमेकांना नाती समजावून सांगतात: ‘तू माझ्या सख्ख्या भावाची बायको असून…’ वगैरे. पहिल्या भागापासून बसायच्या भरीस पडू नका, हजार-बाराशे भाग असतात. एखाद्या रविवारी महाएपिसोड असेल तर तिथून घुसा. किंवा घरातल्या ज्या कुणी ‘मी काही बघत नाही, नुसतं लागलेलं असतं’ म्हणतात ना, त्यांना विचारा. कोण कुणाची सावत्र बहीण आणि कुणाचा लॉकरचा नंबर कुणाला माहीत आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं.